कापड, कपडे आणि क्रियापदे : तरुणांच्या वस्त्रखरेदीचे शिक्षण आणि मराठी शब्दसंपत्ती

मराठीत 'कापड' आणि 'कपडा' असे दोन शब्द आहेत. दोहोंचे मूळ संस्कृत 'कर्पट' आणि प्राकृत 'कप्पड' येथे पोचते. प्राकृतातील जोडव्यंजनाचा लोप होऊन त्याच्या आधीचा स्वर दीर्घ झाला आणि 'कापड' हे मराठी वळणाचे रूप सिद्ध झाले. 'कपडा' हे हिंदीच्या संपर्काने आलेले रूप होय. एकाच मुळातून निघालेले दोन शब्द भाषेत शेजारी नांदू लागले म्हणजे भाषा त्यांच्यात कामाची वाटणी करते, आणि तशी ती येथेही झाली. ताक्यातून मोजून फाडून घ्यावयाचे ते कापड. शिवून अंगात घालावयाचा तो कपडा. कापड दुकानदाराकडून यावे आणि त्याचा कपडा शिंप्याने करावा, असा हा क्रम होता.

गेल्या दोन पिढ्यांत हा क्रम बदलला. आजचा तरुण कापड विकत घेत नाही, तो कपडे विकत घेतो. या बदलाची आर्थिक आणि सामाजिक बाजू पुष्कळ चर्चिली गेली आहे. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी तिची एक निराळी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. कापड पारखण्याचे ज्ञान समाजाने ग्रंथांत नव्हे, तर शब्दांत साठविले होते. खरेदीची वस्तू बदलली तेव्हा त्या शब्दांचा वापर थांबला आणि शब्दांबरोबर पारखही जाऊ लागली. यास्तव तरुणांना शहाणपणाने वस्त्रखरेदी करण्यास शिकविणे हा काही अंशी भाषाशिक्षणाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

परंडा : दोन बाजारांमधील गाव

या प्रश्नाच्या विचारासाठी धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा हे गाव सोयीचे आहे. भुईकोट किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित असून, सतराव्या शतकाच्या आरंभी काही काळ ते निजामशाहीचे राजधानीचे ठिकाण होते. परंतु वस्त्रव्यवहाराच्या दृष्टीने परंड्याचे महत्त्व त्याच्या सीमावर्ती स्थानात आहे. १९४८ पर्यंत परंडा हैदराबाद संस्थानात होते, आणि जवळची मोठी बाजारपेठ बार्शी ही ब्रिटिश मुलखातील सोलापूर जिल्ह्यात होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अरुंद मापाची लोहमार्ग-सेवा सुरू झाली आणि गिरणीचे कापड या भागाच्या उंबरठ्याशी आले. पलीकडे सोलापूर होते. तेथे १८७० च्या दशकात पहिली मोठी कापडगिरणी निघाली होती आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी शहराचे पूर्वभाग भरून गेले होते.

परंड्याच्या माणसाला बार्शीस जाऊन कापड घ्यावयाचे तर दोन हिशेब करावे लागत. पहिला नाण्यांचा. संस्थानात हाली शिक्का चालत असे, बार्शीत कलदार; आणि सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे. (हाली शिक्का १९५९ पर्यंत चलनातून पूर्णपणे गेला.) दुसरा हिशेब शब्दांचा. संस्थानी कारभाराच्या उर्दूतून आणि दख्खनीतून आलेले शब्द एकीकडे, तर बार्शी-सोलापूरच्या पेढ्यांवरील मराठी, गुजराती व तेलुगू वळणाचे शब्द दुसरीकडे, अशा दोन प्रवाहांच्या संगमावर या भागाची वस्त्रविषयक शब्दसंपत्ती उभी आहे. कापडाची रुंदी सांगणारा 'पन्हा' हा शब्द फारसी 'पहना' यापासून, 'ह' आणि 'न' यांच्या स्थानांची अदलाबदल होऊन बनला. लग्नाच्या कापडखरेदीस 'बस्ता' म्हणतात, तो फारसीतील 'बांधलेला गठ्ठा' या अर्थाचा शब्द. 'बस्ता बांधणे' हा वाक्प्रचार म्हणूनच अर्थदृष्ट्या चोख आहे.

बस्त्याचा उल्लेख येथे केवळ व्युत्पत्तीसाठी केलेला नाही. ज्या तालुक्यात पावसाने दगा दिला की वर्षाचा हिशेब कोलमडतो, तेथे बस्ता हा घरातील मोठ्या खर्चांपैकी एक असतो, आणि पुष्कळदा तो उधारीने होतो. मुलाबाळांचे दिवाळीचे कपडे, शाळेचा गणवेश, पुण्यास कामाला गेलेल्या मुलाने पहिल्या पगारातून घेतलेले कपडे, या सर्वांत चुकलेली निवड म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत न भरून निघणारी खोट. पारख ही येथे हौसेची बाब नाही.

कापड काय काय करते

मराठीत कापडाच्या दोषांची नावे शोधू गेल्यास नामे थोडी सापडतात, क्रियापदे पुष्कळ. ही क्रियापदे अकर्मक असून त्यांचा कर्ता कापड हाच असतो. कापड आटते, रंग विटतो, पोत विरते, शिवण उसवते, वीण फसकते, घडी चुरगळते. दोष हा विकत घेताना दिसणारा गुण नसून वापरात घडणारी क्रिया आहे, हे या व्याकरणातच सांगितले आहे. खरेदीच्या क्षणी कापड कसे आहे हे डोळ्यांना कळते. ते पुढे काय करील हे क्रियापद विचारते. म्हणून प्रत्येक क्रियापदामागे एकेक परीक्षा उभी आहे.

'आटणे' हे क्रियापद दुधाला लागते, विहिरीला लागते आणि कापडालाही लागते. विणताना व मागावर ताणताना सूत ओढलेले असते. पाण्यात भिजल्यावर ते आपल्या मूळ लांबीकडे परतते. सुती कापड आटते ते यामुळे. सॅन्फर्ड क्लुएट याने १९३० च्या सुमारास कापड आधीच यंत्राने आटवून घेण्याची पद्धत पेटंट केली, आणि 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का पुढे आपल्याकडच्या ताक्यांच्या काठांवरही दिसू लागला. वाचणाऱ्यास तो ब्रँडचा छाप वाटे. वस्तुतः तो 'हे आटणार नाही' या मराठी वाक्याचा अनुवाद होता. हिशेब सोपा आहे : अडीच मीटर कापड शेकडा पाच आटले तर साडेबारा सेंटीमीटर गेले, म्हणजे विजारीची उंची गेली.

'विटणे' हे रंगाचे क्रियापद. ते मनालाही लागते, आणि दोन्हीकडे अर्थ एकच : जे आरंभी आवडले त्याचे तेज उतरणे. याची परीक्षा म्हणजे ओला पांढरा रुमाल कापडाच्या आतील कोपऱ्यावर घासून पाहणे. रुमाल रंगला तर रंग कच्चा. उन्हाने विटणारा आणि पाण्याने जाणारा हे दोन रंग निराळे असतात. मराठीत पहिल्याला 'विटणे' आणि दुसऱ्याला 'रंग जाणे' किंवा 'उतरणे' असे म्हणून हा भेद राखलेला आहे. रुमालाने दुसऱ्याची परीक्षा होते, पहिल्याची नाही, हेही शिकविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

'विरणे' म्हणजे झिजून पातळ होत नाहीसे होणे, ढगही विरतात. विरणाऱ्या कापडाचा दोष दुकानात लपवितो तो खळीचा थर. विरळ विणीच्या कापडास भरपूर खळ दिली की ते हाताला भरीव लागते, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून जाऊन झिरझिरीत जाळी उरते. म्हणून कापडाचा कोपरा दोन बोटांत चोळावा. पांढरी भुकटी पडली तर ते कापड नव्हे, खळ विकत घेतली जात आहे. मात्र खळ सर्वत्र फसवणुकीसाठीच असते असे नाही. घोंगडीस चिंचोक्याची खळ देतात ती तिला बळकटी यावी म्हणून. खळ कशासाठी आहे हे विचारावयाचे असते.

'फसकणे' हे विणीचे आणि शिवणीजवळच्या कापडाचे क्रियापद. ताणा व बाणा, म्हणजे उभे व आडवे धागे, एकमेकांस घट्ट धरून नसतील तर ताण पडताच ते बाजूस सरकतात. अंगठ्याच्या नखाने कापडावर हलकेच आडवी रेघ ओढावी. धागे सरकून फट दिसली तर ते कापड फसकणारे. 'उसवणे' याचा कर्ता कापड नसून शिवण असतो. तयार कपडा उलटा करून पाहावा, टाके दाट आहेत की विरळ, दोऱ्याचे टोक पक्के केले आहे की लोंबते आहे, हे पाहावे.

येथेच शिवणकामातील एक सुंदर शब्द भेटतो : 'माया'. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला मराठी घरांत माया म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलाच्या कपड्यात माया ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तो उसवून सैल करता येतो. कारखान्यात शिवलेल्या स्वस्त कपड्यात माया जेमतेम असते, कारण हजारो कपड्यांत प्रत्येकी एक सेंटीमीटर वाचविला की पुष्कळ कापड वाचते. कारखानदाराची बचत ही येथे आईबापांचा खर्च होते. शाळेचा गणवेश घेताना आतली माया बोटाने चाचपून पाहणे ही गोष्ट एका मिनिटात शिकविता येते, आणि तिने वर्षाचा एक पोशाख वाचतो.

क्रियापदांप्रमाणे काही विशेषणेही परीक्षेची साधने आहेत. 'टिकाऊ' आणि 'दिखाऊ' ही जोडी सर्वांस ठाऊक आहे. 'मळखाऊ' हे विशेषण त्याहून सूक्ष्म : ज्या रंगावर मळ दिसत नाही तो रंग मळखाऊ. शेतात किंवा कारखान्यात काम करणाऱ्याच्या कपड्यासाठी हा गुण, तर तान्ह्या मुलाच्या कपड्यासाठी हाच दोष, कारण तेथे मळ दिसणे हितावह असते. वस्तू चांगली की वाईट हा प्रश्न 'कोणासाठी' याशिवाय पुरा होत नाही, हे या एका शब्दावरून वर्गात दाखविता येते.

ही क्रियापदे कोठून आली, याचाही विचार केला पाहिजे. ती विकणाऱ्याच्या गादीवर घडलेली नाहीत. ती धुणाऱ्या, वाळविणाऱ्या, ठिगळ लावणाऱ्या हातांतून आली आहेत, आणि हे हात बहुधा स्त्रियांचे होते. पुष्कळ घरांत खरेदीचा निर्णय आणि पैसा पुरुषांकडे व अनुभव स्त्रियांकडे अशी विभागणी असे. तरुण मुलगा आज स्वतः कपडे घेतो, परंतु ते धुण्याचा अनुभव त्याच्यापाशी नसतो. म्हणून क्रियापदेही नसतात. वस्त्रखरेदीचे शिक्षण मुलींपुरते ठेवणे किती चुकीचे आहे, हे यावरून दिसेल.

नावे : उघड करणारी आणि झाकणारी

जुन्या वस्त्रनामांनी वस्तूविषयी काहीतरी उघड केलेले असे. पैठणी, इरकली, सोलापुरी ही नावे ठिकाण सांगतात. नऊवारी, सहावारी ही लांबी सांगतात. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मीटर टप्प्याटप्प्याने आला तरी ही दोन नावे टिकली. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर आणि सहा वार म्हणजे ५.४९ मीटर, दुकानात साडेपाच मीटर सांगितले जाते ते याच सहावारीचे. औरंगाबादच्या 'हिमरू'ची व्युत्पत्ती 'सारखे दिसणारे' या अर्थाच्या फारसी शब्दापासून सांगतात. रेशीम व सूत मिळून विणलेले ते वस्त्र किनखापाची आठवण देई, आणि ही व्युत्पत्ती खरी धरल्यास त्याने आपल्या नावातच तसे कबूल केले होते.

ठिकाणाची नावे मात्र काळाच्या ओघात प्रकाराची नावे बनतात. 'सोलापुरी चादर' म्हणजे सोलापूरची चादर, की सोलापूरच्या धाटणीची कोठलीही चादर? भाषा दोन्ही अर्थ होऊ देते. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याने या संदिग्धतेत हस्तक्षेप केला. सोलापुरी चादर व पैठणी यांची त्याखाली नोंद झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत हे विणकरांचे संरक्षण, पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता कायद्याने एका विशेषणाला त्याच्या मूळ ठिकाणाशी पुन्हा बांधले.

आजच्या बाजारातील पुष्कळ नावे याच्या उलट काम करतात. 'आर्ट सिल्क' या नावातील 'आर्ट' हा कलावाचक शब्द नसून 'कृत्रिम' या अर्थाच्या इंग्रजी विशेषणाचा तोडलेला तुकडा आहे. म्हणजे हे नकली रेशीम. 'सेमी पैठणी' यातील 'सेमी' म्हणजे निम्मी नव्हे; बहुधा यंत्रमागावर कृत्रिम धाग्याने विणलेली ती पैठणीसारखी साडी असते. 'कॉटन फील' म्हणजे स्पर्श सुताचा, सूत असेलच असे नाही. 'फ्री साइज' यात काहीही फुकट नसते आणि ते माप सर्वांच्या अंगास बसेलच असेही नाही. यांपैकी कोणतेही नाव सरळ खोटे नाही. ऐकणाऱ्याला इंग्रजी अर्धवट येते, या गृहीतावर ती उभी आहेत.

व्यापाऱ्याची भाषा ग्राहकास न कळणे हा प्रकार नवा नाही. महाराष्ट्रातील व्यापारी व दलाल यांच्यात पूर्वी 'नंदभाषा' नावाची सांकेतिक बोली चालत असे. तीत एक, दोन, तीन यांना केवली, अवारू, उधानू असे म्हणत, आणि गिऱ्हाइकाच्या समोर त्याला न कळता भाव ठरे. फरक इतकाच की नंदभाषा आपल्याला कळत नाही हे गिऱ्हाइकास ठाऊक असे. आजच्या चिठ्ठीवरील इंग्रजी आपल्याला कळते असे त्याला वाटते.

चिठ्ठीवरील लिपी

तयार कपड्याच्या आतल्या बाजूस शिवलेली चिठ्ठी ही खरे तर ग्राहकाच्या हिताची गोष्ट आहे. कापडातील धाग्यांचे प्रमाण छापण्याचे बंधन १९८८ च्या वस्त्रविषयक नियमांनी घातले. शेकडा किती सूत आणि किती पॉलिएस्टर, एवढे वाचता आले तरी निम्मी परीक्षा झाली. पॉलिएस्टरचा धागा ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ मध्ये सिद्ध केला, आणि त्याच्या व सुताच्या मिश्रणाला मराठीने 'टेरिकॉट' हे नाव आपलेसे केले. हे कापड फारसे आटत नाही, सहज विटत नाही, चुरगळत नाही. म्हणजे जुन्या क्रियापदांच्या परीक्षेत ते उत्तीर्ण होते. परंतु ते घाम शोषत नाही, त्यावर गोळे येतात, आणि विस्तवाजवळ ते जळण्याबरोबर वितळून अंगास चिकटते. चुलीपुढे किंवा गॅसपुढे काम करणाऱ्या व्यक्तीसाठी हा शेवटचा दोष जिवावरचा ठरू शकतो. तेव्हा जुनी शब्दसंपत्ती जशीच्या तशी शिकवून भागणार नाही. नव्या धाग्यासाठी 'वितळणे' हे क्रियापद वस्त्रविषयक कोशात यावयास हवे.

चिठ्ठीवरील चित्रलिपीही शिकविण्यासारखी आहे. पाण्याचे पातेले म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे रंग उडविणारे रसायन, चौकोन म्हणजे वाळविणे, इस्तरीचे चित्र म्हणजे इस्तरी, वर्तुळ म्हणजे धुलाईकेंद्रातील कोरडी धुलाई. आणि फुली म्हणजे निषेध. इस्तरीतील एक ठिपका मंद, तीन ठिपके कडक उष्णता दर्शवितात. ज्या घरात सर्व कपडे एकाच बादलीत भिजतात आणि उन्हात वाळतात, त्या घराने फक्त कोरड्या धुलाईचा कपडा घेणे म्हणजे दर धुण्याला बार्शीची फेरी पत्करणे होय. ही किंमत चिठ्ठीवर छापलेली नसते, ती वाचावी लागते.

क्रियापदाचे आकड्यांत रूपांतर करण्याचा सर्वांत परिचित नमुना भारताच्या राष्ट्रध्वजाचा आहे. भारतीय मानकांमधील पहिल्या क्रमांकाचे मानक, १९५१ चे, हे ध्वजाच्या कापडासाठीच होते, आणि पुढे १९६८ मध्ये ते सुधारण्यात आले. धाग्यांची संख्या, वजन, बळकटी, रंगाचा पक्केपणा, हे सर्व त्यात मोजून दिलेले आहे. मराठवाड्यातच नांदेड येथील खादी समिती अशा ध्वजाच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. (२०२१ च्या अखेरीस ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन पॉलिएस्टर व यंत्रनिर्मित कापडासही परवानगी मिळाली.) ध्वज विटू नये, विरू नये, फसकू नये, ही जी अपेक्षा, तीच सामान्य माणसाने आपल्या सदऱ्याकडून करण्यात गैर काय?

दुकानातील संवाद

खरेदी हा संवाद आहे, आणि त्याचे यश प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून असते. "चांगलं आहे का हो मामा?" या प्रश्नाला "एकदम भारी" हे एकच उत्तर असते, आणि ते कोणालाच कशातही बांधीत नाही. "धुतल्यावर आटतंय का? किती आटतंय?" हा प्रश्न क्रियापदाचा आहे, त्याला होकार, नकार किंवा "रंगाची गॅरंटी नाही बघा" अशी कबुली, यांपैकी काहीतरी निश्चित उत्तर द्यावे लागते. गुणवाचक विशेषणाने मत मिळते, क्रियापदाने विधान मिळते. विधान बिलावर लिहून घेता येते.

दुकानातील लेखी भाषाही अशीच तपासली पाहिजे. 'शेकडा सत्तरपर्यंत सूट' या पाटीतील सारा भार 'पर्यंत' या शब्दयोगी अव्ययावर आहे. पाच टक्के सूट देऊनही ती पाटी खरी राहते. छापील किंमत ही 'कमाल' किंमत असते, 'योग्य' किंमत नव्हे. आणि 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या सर्वपरिचित वाक्यात कर्मणी रचनेमुळे कर्ता नाहीसा झाला आहे : कोण घेणार नाही, कोणत्या अधिकाराने, हे वाक्य सांगत नाही, आणि म्हणून ते निसर्गनियमासारखे वाटते. वस्तुतः २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे, तसेच बिलात दिलेल्या मुदतीत, व मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ज्या तरुणाला कर्मणी प्रयोग ओळखता येतो, त्याला या वाक्याचा कर्ता शोधण्यास शिकविणे अवघड नाही. व्याकरणाच्या तासाला याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच मिळेल.

यात दुकानदारास प्रतिपक्ष मानण्याचा हेतू नाही. लहान गावात दुकानदार व गिऱ्हाईक यांचा संबंध पिढ्यांचा असतो; उधारीची वही दोघांना बांधून ठेवते, आणि फसलेले गिऱ्हाईक त्यालाही परवडत नाही. नेमका प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक प्रामाणिक दुकानदाराच्या हिताचेच असते. दूरध्वनीच्या पडद्यावरून होणाऱ्या खरेदीत मात्र हा संबंध नाही आणि स्पर्शही नाही. तेथे बोटांची परीक्षा संपते व केवळ वाचनाची उरते. म्हणूनच धाग्यांचे प्रमाण, मापांचा तक्ता सेंटीमीटरमध्ये, आणि परतीची मुदत, या तीन गोष्टी वाचल्यावाचून मागणी नोंदवू नये, हा नियम तरुणांना सांगावा.

वर्गातील पाठ

हे शिक्षण द्यावयाचे कसे? त्यासाठी स्वतंत्र विषय किंवा प्रयोगशाळा लागत नाही. पहिला पाठ चिंध्यांचा असावा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक टाकाऊ कपडा आणावा आणि त्याचे काय झाले ते एका क्रियापदात सांगावे : आटला, विटला, विरला, उसवला, फसकला, की केवळ आवडेनासा झाला? शेवटचे उत्तर पुष्कळांचे असेल, आणि त्यावर उपदेश न करता चर्चा व्हावी. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण मराठवाड्यात सर्रास ऐकू येते. चांगले दिसावे ही इच्छा शिक्षकाने हीन लेखू नये.

दुसरा पाठ मोजमापाचा. वीस सेंटीमीटरचा चौरस सुती तुकडा धुऊन वाळवून पुन्हा मोजावा. तो एकोणीस भरला तर शेकडा पाच आटला. तिसरा पाठ धाग्याचा. शिक्षकाने स्वतः चिमट्यात एकेक धागा धरून जाळून दाखवावा. सुताचा वास जळत्या कागदासारखा व राख मऊ. लोकर व रेशीम यांचा वास जळत्या केसासारखा. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि कठीण मणी उरतो. चौथा पाठ हिशेबाचा. तीनशे रुपयांचा सदरा तीस वेळा घालता आला तर दर वेळेस दहा रुपये पडले. साडेसातशेचा दीडशे वेळा घालता आला तर पाच. परंतु हातात तीनशेच रुपये असतील तर हे गणित कोरडे ठरते, हेही त्याच तासाला बोलले गेले पाहिजे. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते याचे कारण पुष्कळदा अज्ञान नसून रोख रकमेचा अभाव असते. अशा वेळी तीनशेतल्या तीनशेत कोणता सदरा सर्वांत उशिरा उसवेल, हे ओळखता येणे हीच खरी विद्या.

पाचवा पाठ शब्दसंग्रहाचा, आणि तो विद्यापीठीय विभागांच्याही उपयोगाचा आहे. विद्यार्थ्यांनी आजी, आत्या, गावातील शिंपी, जुने कापडविक्रेते यांच्याकडून वस्त्रविषयक शब्द, विशेषतः क्रियापदे व विशेषणे, त्यांच्या वाक्यांसह लिहून आणावीत. परंड्यासारख्या दोन बाजारपेठांच्या सीमेवरील गावी हा संग्रह बोलीविज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा ठरेल. कोणता शब्द बार्शीच्या वाटेने आला आणि कोणता हैदराबादच्या, याचा नकाशा त्यातून निघू शकेल. कोशात शब्दाचा अर्थ नोंदविला जातो; त्या शब्दाने कोणती परीक्षा केली जात असे, हे बहुधा नोंदविले जात नाही. ते नोंदविण्याचा काळ अजून गेलेला नाही, पण ज्यांच्या तोंडी हे शब्द आहेत ती पिढी वृद्ध झाली आहे.

सारांश, कापडाकडून कपड्याकडे झालेला प्रवास उलटविता येणार नाही आणि उलटविण्याचे कारणही नाही. तयार कपड्याने पुष्कळांना पूर्वी न मिळालेली निवड दिली आहे. परंतु निवड करावयाची तर भेद दिसावे लागतात, आणि भेद दिसण्यासाठी त्यांची नावे ठाऊक असावी लागतात. आटणे, विटणे, विरणे, फसकणे, उसवणे, आणि त्यांच्या जोडीला नव्याने वितळणे : एवढी सहा क्रियापदे घेऊन बाजारात गेलेला तरुण रिकाम्या हाताने गेला असे म्हणता येणार नाही.